बोरीच्या पुलावरचा हिशेब

१२ सप्टेंबर १९४८ च्या संध्याकाळी सोलापूर आणि नळदुर्ग यांच्यामधल्या सरहद्दीवर बसून कोणी दोन्ही बाजूंच्या फौजांचा तक्ता मांडला असता, तर तो साधारण असा दिसला असता. पश्चिमेला भारतीय संघराज्य: मोहिमेसाठी जमवलेले सुमारे ३५,००० सैनिक, त्यांच्या अग्रभागी पहिली चिलखती डिव्हिजन, डोक्यावर टेम्पेस्ट विमाने. पूर्वेला निजामाचे हैदराबाद: सुमारे २२,००० ची नियमित फौज, तीत पायदळाच्या अकरा पलटणी, चिलखती गाड्यांच्या तीन रेजिमेंट, घोडदळ आणि तोफखाना, जोडीला सर्फ-ए-खास, पायगा आणि अरबांच्या अनियमित तुकड्या, आणि या सगळ्यांच्या वर दोन लाख रझाकार स्वयंसेवक.

निव्वळ डोकी मोजली तर निजामाची बाजू सहापटीहून जड भरते. प्रत्यक्षात १३ तारखेच्या पहाटे चार वाजता सुरू झालेली मोहीम १७ तारखेच्या संध्याकाळी थांबली. १८ ला हैदराबादचे सेनापती मेजर जनरल सय्यद अहमद अल् इद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. भारतीय बाजूचे मृत पन्नासच्या आत होते. मग तक्ता इतका चुकला कसा? की तक्ता बरोबरच होता आणि वाचणाऱ्यांनाच तो वाचता येत नव्हता? पुढची पाने या प्रश्नाभोवती फिरतात, आणि ती बहुतांशी एकाच जिल्ह्यात फिरतात. त्या जिल्ह्याचे नाव आज धाराशिव आहे, तेव्हाच्या कागदांत ते उस्मानाबाद आहे.

हल्ली सीमेवर कुठे खुट्ट झाले की मोबाइलवर असले तक्ते फिरू लागतात. यांची विमाने इतकी, त्यांची तितकी; यांच्या पाणबुड्या, त्यांची क्षेपणास्त्रे; आणि शेवटी जगात कितवा नंबर. मोजू नये असे कोणी म्हणणार नाही. लंडनची एक संस्था १९५९ पासून ‘मिलिटरी बॅलन्स’ नावाचा वार्षिक ग्रंथ काढते आणि जगभरचे अभ्यासक तो चाळतात. पण १९४० साली फ्रान्सकडे जर्मनीपेक्षा कमी रणगाडे नव्हते, तरी फ्रान्स सहा आठवड्यांत पडला, हेही त्याच अभ्यासकांना ठाऊक असते. आकडा खरा असूनही निष्कर्ष खोटा निघतो, तो नेमका कुठल्या वळणावर, हे पाहायला मोठी युद्धे गैरसोयीची असतात. त्यांत एकाच वेळी फार गोष्टी घडतात. हैदराबादची मोहीम आटोपशीर आहे, आणि तिचा पहिला दिवस तर नळदुर्ग, तुळजापूर, जळकोट, उमरगा एवढ्या टापूत मावतो.

शस्त्रे मोजण्याचा उद्योग या मुलखाला नवा नाही. परंड्याच्या किल्ल्यात एकेकाळी निजामशाहीची मलिक-ए-मैदान ही तोफ होती. अहमदनगरला १५४९ साली मुहम्मद बिन हुसेन रूमी याने ओतलेली ही पंचावन्न टनांच्या आसपासची अजस्र तोफ १६३२ च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार पंडिताने परंड्याहून विजापूरला नेली. आजही ती तिथल्या बुरुजावर आहे. म्हणजे एका दरबारच्या तक्त्यात जमा असलेली रक्कम एका हंगामात दुसऱ्या दरबारच्या तक्त्यात गेली. आणि नळदुर्ग? बोरी नदीच्या वळणात वसलेल्या या किल्ल्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, नदीवर भक्कम बंधारा घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला गेला. पर्यटक आज तो नर-मादी धबधब्यासाठी पाहतात. बांधणाऱ्यांना मात्र सौंदर्याइतकीच दुसरी गोष्ट कळत होती: दख्खनच्या पठारावर फौज अडवायची असेल तर ती नदीवर अडवावी. हे शहाणपण १९४८ च्या हैदराबादी सेनापतींकडेही होते. ते वेळेवर उपयोगात आले नाही, एवढेच.

हैदराबादची फौज मुळात कशासाठी होती, हे विचारल्याशिवाय तिची ताकद कळत नाही. १७९८ च्या तहाने निजामाने आपल्या फ्रेंच अधिकाऱ्यांच्या पलटणी मोडल्या आणि कंपनीची तैनाती फौज पदरी घेतली. पुढे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालचे हैदराबाद कंटिन्जंट उभे राहिले. हुकूम इंग्रजांचा आणि पगार निजामाचा. पगार थकला तेव्हा १८५३ साली निजामाला वऱ्हाड, रायचूर दोआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या हवाली करावा लागला. फौजेच्या पगारापोटी गहाण पडलेला जिल्हा म्हणून आपली ही एक जुनी ओळख आहे. तिचा अभिमान वाटावा असे नाही, पण ती विसरण्याजोगीही नाही. त्या काळात फिलिप मेडोज टेलर हा कादंबरीकार अधिकारी नळदुर्गला राहून इथला कारभार पाहत होता. १८६० साली हा मुलूख निजामाला परत मिळाला.

या दीडशे वर्षांत हैदराबादच्या स्वतःच्या फौजेला परकीय शत्रूशी आपल्या जोरावर लढण्याची वेळच आली नाही. बाहेरच्या शत्रूची काळजी सिकंदराबादच्या गोऱ्या छावणीने वाहायची आणि दरबारी फौजेने मिरवणुका, बंदोबस्त आणि गरज पडली तर साम्राज्याच्या दूरच्या लढाया सांभाळायच्या, अशी वाटणी होती. दुसऱ्या महायुद्धात हैदराबादच्या पलटणी बाहेर गेल्या. पहिली हैदराबाद इन्फन्ट्री डिसेंबर १९४१ मध्ये मलायातील कोटा भारूच्या विमानतळावर जपान्यांपुढे उभी होती. पण आपले नकाशे, आपला पुरवठा, आपले विमानदळ अशी स्वतंत्र युद्धाची यंत्रणा या राज्याने कधी उभारलीच नव्हती. २२,००० या आकड्यातले पुरेशा शिक्षणाचे आणि पूर्ण शस्त्रसज्ज सैनिक ६,००० च्या आसपास होते, असा अंदाज दिला जातो, आणि मला तो पटतो.

शस्त्रसज्ज होण्याची वाटही बंद होती. भारताशी झालेल्या २९ नोव्हेंबर १९४७ च्या ‘जैसे थे’ करारानंतर भारतीय फौज सिकंदराबादेतून निघून गेली. दरबाराला तो विजय वाटला. पण हैदराबाद चहूबाजूंनी भारताने वेढलेले, समुद्र नाही, बंदर नाही. गोव्यातल्या पोर्तुगीजांकडून मुरगाव बंदर मिळवण्याच्या खटपटी झाल्या, त्या विरल्या. मग सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री लँकॅस्ट्रियन विमाने भरभरून शस्त्रे बीदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर उतरवू लागला. या उड्डाणांच्या हकिकती वाचायला चटकदार आहेत आणि पुष्कळांनी त्या रंगवूनही सांगितल्या आहेत. विमानातून रायफली येतात, दारूगोळाही येतो. रणगाडे, मोठ्या तोफा आणि महिनाभर पुरेल इतके पेट्रोल येत नाही. पेट्रोल, सुटे भाग आणि मालगाड्या भारताच्या हातात होत्या. जमेच्या प्रत्येक रकमेपुढे ती किती दिवस टिकेल हा एक रकाना घातला असता, तर हैदराबादचा तक्ता तिथेच कोसळला असता.

इथे एका गणिताकडे वळतो. या पुस्तकातले एक संपूर्ण प्रकरण त्यावर आहे आणि वाचकाने ते टाळू नये अशी इच्छा आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरने १९१६ साली मांडले की, दोन्हीकडचे सगळे लढवय्ये एकमेकांवर गोळी झाडू शकत असतील, तर लढाऊ बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३५ ला २२ हे प्रमाण दीडपटीहून थोडे अधिक; वर्ग केले की ते अडीचपट होते. रझाकार यात धरायचे नाहीत, कारण त्यांच्यातल्या फार तर चौथ्या हिश्शाकडे आधुनिक बंदुका होत्या, उरलेल्यांकडे ठासणीच्या बंदुका, भाले आणि तलवारी. तलवारीचा पल्ला रणगाड्यापर्यंत पोचत नाही.

पण या गणिताची अट महत्त्वाची आहे: सगळ्यांना झाडता आले पाहिजे. अरुंद जागी ती अट मोडते. सोलापूरहून हैदराबादला जाणारा रस्ता नळदुर्गाजवळ बोरी ओलांडतो. त्या पुलावर अख्ख्या डिव्हिजनचा एकच रणगाडा पुढे असतो, बाकीचे मागे रांगेत. पूल उडवला तर तोही नसतो. सप्टेंबरची नदी, काठाला चिखल, आणि पलीकडच्या उंचवट्यावर नेम धरून बसलेले हैदराबादी तोफची. कमजोर बाजूला बलवान बाजूशी बरोबरी साधता येईल अशी या सगळ्या रस्त्यावरची मोक्याची जागा ही होती. हैदराबादने ती ओळखली होती. मूर नावाचा, ब्रिटिश कमांडो म्हणून पूर्वी काम केलेला एक अधिकारी स्फोटकांनी भरलेली जीप घेऊन पूल उडवण्याच्या कामगिरीवर होता. तो पकडला गेला.

१३ तारखेच्या पहाटे सातव्या ब्रिगेडने झडप घातली आणि पूल शाबूत हाती आला. मग दुसऱ्या शीख पलटणीने नळदुर्गच्या ठाण्यांवर चाल केली. समोर पहिली हैदराबाद इन्फन्ट्री होती. शीख पलटणीतले हवालदार बचित्तर सिंग नळदुर्गजवळच्या या चकमकीत पडले. मांडीत गोळी लागलेली असताना ते मशिनगनच्या ठाण्यापर्यंत सरपटत गेले आणि हातबॉम्बने ते बंद पाडले. अशोक चक्राच्या पहिल्या मानकऱ्यांत त्यांचे नाव आहे. जिल्ह्यातल्या शाळांमधल्या किती मुलांना ते माहीत असेल, याची मला शंका आहे.

सकाळी नऊला चिलखती तुकडी जळकोटला, दुपारी सव्वातीनला उमरग्यात. निजामाच्या हद्दीत ६१ किलोमीटर आत. ज्या वेगाने हे घडले त्याला हैदराबादच्या कोणत्याही योजनेत जागा नव्हती. हैदराबादी फौज शौर्यात कमी पडली असे मी म्हणणार नाही. तुळजापुरात सैनिक आणि सुमारे दोनशे रझाकार दोन तास लढले, आणि दुसऱ्या दिवशी धाराशिव गावातही गल्लीबोळांतून झुंज झाली. पण एका ठिकाणी लढणाऱ्याला दुसऱ्या ठिकाणी काय झाले हे कळेपर्यंत तिसरे ठिकाण पडलेले असे. पहिल्या दिवशी भारतीय तुकडीला कोणी खरोखर थोपवले असेल तर ते लोहाऱ्याच्या वाटेवरच्या फुगलेल्या नदीने. आदिलशाही गवंड्यांचे म्हणणे पावसाने तेवढ्यापुरते खरे करून दाखवले.

आता रझाकारांच्या आकड्याबद्दल, कारण त्याने दोन्ही बाजूंना फसवले. त्यांचा नेता कासीम रझवी हा लातूरचा वकील. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता, वेगळा जिल्हा व्हायला १९८२ साल उजाडावे लागले. म्हणजे हैदराबादच्या सगळ्यात गर्जणाऱ्या आवाजाचे बिऱ्हाड याच जिल्ह्यात होते. त्याच्या भाषणांतली संख्या वाढत गेली तशी दिल्लीच्या टिपणांतली काळजीही वाढली. जनरल गॉडर्ड यांच्या काळात सदर्न कमांडने पश्चिमेकडून सोलापूर आणि पूर्वेकडून बेजवाडा असा दुहेरी चढाईचा आराखडा तयार केला होता. पुढे तो लेफ्टनंट जनरल राजेंद्रसिंहजी यांच्या हाताखाली अमलात आला. सरसेनापती रॉय बुचर यांना मात्र काश्मीरची लढाई चालू असताना दक्षिणेत दुसरी आघाडी उघडणे धोक्याचे वाटत होते. ती भीती मूर्खपणाची नव्हती. बाहेरून पाहणाऱ्याला सशस्त्र जमाव आणि सैन्य यांतला फरक सहजी दिसत नाही. निःशस्त्र खेड्याला दहशत बसवायला दोनशे बंदूकवाले पुरेसे असतात. तेच दोनशे रणगाड्यासमोर उभे राहिले की त्यांचे बळ उरत नाही. दोन्ही ठिकाणी आकडा मात्र दोनशेच लिहिला जातो.

गंमत अशी की, हैदराबादचा दरबारही आपलाच फुगवलेला आकडा खरा मानू लागला होता. पंतप्रधान मीर लायक अली आणि सेनापती अल् इद्रूस या दोघांनीही पुढे आठवणी लिहिल्या. किती दिवस तग धरता येईल हे कोणी कोणाला सांगितले होते, यावर दोघांचे जुळत नाही. मला त्यात अल् इद्रूस अधिक विश्वासार्ह वाटतात; सैनिकाला निदान आपल्या तोफा किती हे ठाऊक असते. दरबाराची खरी मदार तोफांवर नव्हतीच. कराची काहीतरी करील, संयुक्त राष्ट्रे हस्तक्षेप करतील, एवढा वेळ मिळाला की पुरे, असा तो हिशेब होता. जिना ११ सप्टेंबरला वारले. सुरक्षा परिषदेने हैदराबादचा विषय १६ ला हाती घेतला, तेव्हा मोहिमेचा चौथा दिवस चालू होता.

तक्त्याच्या बाहेरचा आणखी एक रकाना मराठवाड्यातल्या वाचकाला सांगायला नको. लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मास्तरकी केलेले स्वामी रामानंद तीर्थ १९४८ मध्ये निजामाच्या तुरुंगात होते. बाहेर बार्शी-सोलापूरच्या सरहद्दीवर त्यांच्या हैदराबाद स्टेट काँग्रेसचे कॅम्प होते, तिथली पोरे करोडगिरीचे नाके जाळत होती, शिंदीची झाडे तोडत होती. सरहद्द म्हणजे सरळ रेघ नव्हतीच; मुंबई इलाख्यात निजामाची गावे आणि निजामाच्या राज्यात इलाख्याची, असा गुंता होता. सोलापूर-बार्शी रस्त्यावरचे नान्नज हे असेच निजामाचे गाव, तिथे जुलै १९४८ मध्येच भारतीय तुकडी आणि हैदराबादी फौज यांच्यात गोळीबार होऊन गाव भारतीय फौजेच्या ताब्यात गेले होते. राज्याची बहुसंख्य रयत राजाच्या बाजूने लढायला तयार नसेल, तर त्या राज्याची फौज सरहद्दीवर उभी असतानाही आपल्याच मुलखाकडे पाठ करून उभी राहू शकत नाही. तिची कितीतरी ठाणी आतल्या गावांवर नजर ठेवण्यात अडकली होती. त्यांना जमेला धरावे की खर्चाला?

इथवर वाचून हे पुस्तक विजयाचे आहे असे कोणाला वाटेल. ते तसे नाही. मोहिमेनंतर भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक पथक पाठवले. १९४८ च्या अखेरीस ते हैदराबादच्या खेड्यापाड्यांत फिरले. त्यांचा अहवाल कित्येक दशके दडलेला राहिला, गेल्या दशकात तो अभ्यासकांना खुला झाला. मोहिमेच्या काळात आणि नंतर २७,००० ते ४०,००० माणसे मारली गेली असावीत, बहुतेक मुसलमान, असा त्यांचा अंदाज आहे. सर्वाधिक झळ बसलेले म्हणून अहवाल चार जिल्हे सांगतो: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. सरदार पटेलांना हा अहवाल मान्य नव्हता, आणि आकड्यांवर वाद आजही आहे. त्याआधीच्या वर्षभरात रझाकारांनी हिंदू खेड्यांत केलेली लूट आणि हत्या या अहवालातही नमूद आहेत. पण रझाकारांची पापे रझाकार नसलेल्यांकडून वसूल झाली, हे कोणत्याही बाजूच्या कागदावरून पुसता येत नाही. या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत या मोहिमेचे ‘पोलीस ॲक्शन’ हे नाव दोन वेगळ्या सुरांत उच्चारले जाते.

सामर्थ्याच्या तुलनेशी याचा काय संबंध, असे विचारले जाईल. संबंध वेगाशी आहे. मुलकी कारभाराची तयारीच नव्हती असे नाही, डी. एस. बखले यांच्यासारखा अनुभवी आय.सी.एस. अधिकारी मुख्य मुलकी प्रशासक म्हणून नेमला होता आणि इतर प्रांतांतून अधिकारी येणार होते. पण बोरीचा पूल ज्या झपाट्याने हाती आला, त्याच झपाट्याने रणगाडे पुढे निघून गेले. निजामाचा अंमलदार पळालेला, नवा अजून यायचा, आणि रस्त्यापासून दहा-वीस किलोमीटर आत असलेल्या गावात बंदुका पडून. लढाईच्या तक्त्यात जो वेग शंभर टक्के जमेचा, तोच त्या गावांच्या दृष्टीने पोकळी होता. माझे हे मत काही लष्करी अभ्यासकांना मान्य होणार नाही. इतक्या घाईच्या मोहिमेत दुसरा मार्ग नव्हता असे ते म्हणतील. कदाचित नसेलही. म्हणूनच शेवटच्या दोन प्रकरणांत रणगाडे जवळजवळ नाहीत. त्यांत सप्टेंबरच्या उत्तरार्धातला उमरगा, लातूर आणि धाराशिवचा परिसर आहे, आणि ३५,००० आणि २२,००० या आकड्यांच्या शेजारी सुंदरलाल पथकाचा आकडा ठेवून तिन्ही एकत्र वाचण्याचा प्रयत्न आहे.